हार्ट फेल्युअरचा रुग्ण घरी आल्यावर : वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि मोबाइल कसे वापरावेत

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला सुट्टी देताना दवाखान्यात बहुधा एकाच दमात सांगितले जाते की मीठ कमी खा, पाणी मोजून प्या, गोळ्या चुकवू नका आणि रोज वजन करा. सांगणाऱ्यालाही दोष देता येत नाही, कारण दाराबाहेर रांग लागलेली असते. परंतु हृदयाचे काम मंदावलेल्या माणसासाठी सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन महिने सर्वांत नाजूक असतात. शरीरात पुन्हा पाणी साठणे, दम वाढणे आणि परत भरती व्हावे लागणे हे प्रकार याच काळात अधिक घडतात. हृदयरोगतज्ज्ञ बसतात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत, आणि रुग्ण असतो जिंतूर, कळमनुरी, परांडा किंवा आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावात. तपासणीला जायचे तर सोबत्याचा रोजगार बुडतो, गाडीभाडे लागते, म्हणून 'दोन दिवस बघू' असे म्हणत आठवडा निघून जातो आणि शेवटी रात्री-अपरात्री जीप शोधण्याची वेळ येते. त्या आठवड्यात घरातली साधी उपकरणे आणि खिशातला मोबाइल यांच्याकडून नेमके कोणते काम करून घेता येते, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. उपकरण फक्त आकडा देते. त्या आकड्यावर कोणी, केव्हा आणि काय करायचे हे आधी ठरलेले नसेल, तर महागातले महाग उपकरणही शोभेपुरतेच उरते. हे अभ्यासांतूनही दिसले आहे. अमेरिकेत 'टेली-एचएफ' या नावाने झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,६५३ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाने रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला आपले वजन आणि लक्षणे कळवायची होती. सहा महिन्यांनंतर पाहिले तेव्हा पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूंत या गटाचा आणि इतरांचा फरक आढळला नाही. त्या गटातल्या १४ टक्के रुग्णांनी तर यंत्रणा एकदाही वापरली नव्हती. जर्मनीतल्या 'टिम-एचएफ२' या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजनचे आकडे अशा केंद्राकडे जात होते जिथे डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास बसलेल्या होत्या आणि गरज दिसताच रुग्णाला फोन करत होत्या. तिथे अचानक भरती होण्यामुळे किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस वर्षाला सुमारे २४ वरून १८ पर्यंत खाली आले. दोन्ही अभ्यासांत इतरही फरक होते, त्यामुळे सगळे श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही. तरी आकड्याच्या पलीकडच्या टोकाला जागे माणूस असणे हा त्यांतला मोठा फरक होता, असे माझे मत आहे. आपल्याकडे असे केंद्र सहसा नसते. म्हणून ते माणूस आपल्याला घरातून, नात्यातून आणि गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांतून उभे करावे लागते.

आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यायच्या गोष्टी

सुट्टीच्या दिवशी किंवा पहिल्या फेरतपासणीला काही प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. पहिला प्रश्न कोरड्या वजनाचा. साठलेले पाणी औषधाने उतरल्यानंतर रुग्णाचे जे वजन असते, त्याला आधारवजन मानून पुढची सगळी मोजणी करायची असते. दुसरा प्रश्न असा की वजन किती दिवसांत किती वाढले तर फोन करायचा, आणि तो कोणाला. साधारण नियम असा की तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर थांबू नये, परंतु किरकोळ अंगाच्या रुग्णासाठी डॉक्टर याहून कमी मर्यादा ठरवून देऊ शकतात. तिसरा प्रश्न लघवीच्या गोळीचा. फुरोसेमाइड किंवा टोरसेमाइड यांसारखी गोळी वजन वाढल्यास एखादी जास्त घेण्याची मुभा काही डॉक्टर समजूतदार रुग्णांना देतात. ती मुभा आहे की नाही, असल्यास किती गोळ्यांची आणि किती दिवसांची, हे त्यांच्याच अक्षरात असावे. याशिवाय दिवसाला एकूण किती पाणी चालेल आणि रक्तदाब व नाडी कितीच्या खाली किंवा वर गेल्यास कळवायचे, तेही विचारून घ्यावे.

या कागदाचा स्वच्छ उजेडात फोटो काढून तो घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा आणि मूळ कागद पाण्याच्या माठाशेजारच्या भिंतीवर चिकटवावा. फोटोचे नाव बदलून 'आईचा कागद' असे काही ठेवले तर घाईच्या वेळी तो चटकन सापडतो.

वजनकाटा

या सगळ्यांत एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर ती वजनकाटा असावी, असे मी नि:संकोच सांगेन. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पायावर सूज उठून दिसण्याआधी किंवा दम लागण्याआधी काही दिवस शरीरात पाणी साठू लागलेले असते आणि अनेकदा ते काट्यावर आधी कळते. नेहमीच असे होते असे मात्र नाही. काही रुग्णांचे वजन जवळपास तेवढेच राहूनही दम वाढतो, म्हणून काटा ठीक दाखवतो आहे एवढ्यावरून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

काटा डिजिटल, मोठ्या अंकांचा आणि १०० ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा घ्यावा. चरबी, स्नायू, हाडे यांचे प्रमाण सांगणाऱ्या काट्यांचा आपल्याला काही उपयोग नाही. उलट असे काटे तळपायांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडतात, त्यामुळे पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाची लय धोकादायक बिघडल्यास झटका देणारे, छातीत बसवलेले यंत्र) बसवलेल्या रुग्णाने ते वापरू नयेत. ब्लूटूथचा काटा मोबाइलमध्ये आपोआप नोंद करतो, ही सोय चांगली आहे. मात्र रुग्णाचे मोबाइलशी फारसे सख्य नसेल तर दोन-चार दिवसांत ते ॲप बंद पडते आणि वजन करणेही थांबते, त्यापेक्षा साधा काटा बरा.

काटा कुठे ठेवायचा याला फार महत्त्व आहे. सारवलेली जमीन, सतरंजी किंवा हलणारी फरशी यांवर ठेवलेला काटा रोज वेगळे वजन दाखवतो. घरात शहाबादी फरशीचा एखादा सपाट तुकडा असेल तर काटा त्यावर ठेवावा, त्याच्या चारही पायांशी खडूने खुणा कराव्यात आणि मग तो तिथून हलवू नये. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर, चहा घेण्याआधी आणि रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करावे. धोतर, लुगडे, स्वेटर, कमरेची चंची आणि तिच्यातली चिल्लर यांचा फरक अर्धा-पाऊण किलोपर्यंत जाऊ शकतो. तोल जाणाऱ्या माणसाने भिंतीला बोट टेकवून काट्यावर चढावे, पण आकडा स्थिर होताना हात सोडलेला असावा. बाजूला खुर्ची आणि कोणीतरी उभे असेल तर उत्तम.

दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा यांचे आकडे जुळणार नाहीत, आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. सुट्टी होऊन घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर जे वजन येईल तेच घरचे आधारवजन म्हणून लिहावे आणि पुढची तुलना त्याच्याशीच करावी. काट्याचा सेल उतरला की आकडे भरकटतात. शंका आली तर दुकानातून आणलेली दहा किलोची बंद पिशवी काट्यावर ठेवून पाहावी. सेल बदलल्यावरही हीच खात्री करून घ्यावी.

आधारवजन कायमचे नसते. भूक मंदावून रुग्णाचे मांस उतरत गेले तर काट्यावरचा आकडा तेवढाच राहतो आणि आतमध्ये पाणी वाढत जाते. पायजमा कमरेत ढिला होतो पण घोटे सुजलेले दिसतात, हे त्याचे लक्षण. म्हणून दर फेरतपासणीला 'आता आधारवजन कोणते मानायचे?' असे विचारावे.

रक्तदाब आणि नाडी

रक्तदाबाचे यंत्र दंडावर पट्टा बांधायचे घ्यावे. मनगटावरचे यंत्र हात किंचित वरखाली झाला तरी चुकते. कोणते यंत्र तपासून प्रमाणित झाले आहे हे पाहण्यासाठी 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय यादी मिळते. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती यादी पाहावी. पट्ट्याचे माप दंडाच्या घेरावर ठरते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीवर सरळ असावेत, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीवर असावा, आणि मोजणी चालू असताना बोलू नये. ओसरीवर चार माणसे गप्पा मारत बसलेली असताना घेतलेला आकडा विश्वासाचा नसतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. ज्यांची नाडी अनियमित चालते, उदाहरणार्थ ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, त्यांचे यंत्रावरचे आकडे एकमेकांपासून दूर जातात. त्यांनी तीनदा मोजावे.

या आजारातील रक्तदाबाबद्दल घरोघरी एक गैरसमज आढळतो. हृदयाला आधार देणारी बहुतेक औषधे रक्तदाब उतरवणारी असतात, आणि त्यामुळे वरचा आकडा १०० किंवा त्याहून थोडा कमी असला तरी अनेक रुग्णांना चालतो. चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, लघवी व्यवस्थित आहे, तर नुसता आकडा कमी दिसला म्हणून बीटा ब्लॉकर किंवा सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन यांसारखी गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. उठून उभे राहिल्यावर भोवळ येत असेल तर बसून एकदा आणि उभे राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा एकदा मोजावे. वरचा आकडा २० किंवा अधिकने घसरत असेल तर ती डॉक्टरांना मुद्दाम कळवण्याची गोष्ट आहे. बसल्या जागी नाडी ५० च्या खाली किंवा १२० च्या वर राहत असेल तर तेही त्याच दिवशी कळवावे.

ऑक्सिमीटर आणि स्मार्टवॉच

कोरोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर अनेक घरांत कपाटात पडून आहे. ते वापरायला हरकत नाही, परंतु पाणी साठू लागल्यावरही बरेच दिवस त्यावर ९६-९७ दिसू शकते, त्यामुळे 'ऑक्सिजन चांगला आहे' म्हणून दमाकडे काणाडोळा करू नये. बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर काही यंत्रे प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवतात हेही लक्षात ठेवावे. बोट चोळून गरम करून आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावर वाचावा.

स्मार्टवॉचबद्दल थोडक्यात. ईसीजीची सोय असलेली मान्यताप्राप्त घड्याळे अनियमित नाडी पकडण्यात उपयोगी पडू शकतात, पण त्यांच्यावरून हार्ट अटॅक ओळखता येत नाही. दीड-दोन हजारांच्या घड्याळावर दिसणारा रक्तदाब हा केवळ अंदाज असतो. साखरेचे तर विचारूच नये, कारण सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. घड्याळ घरात असेलच तर त्याचा खरा उपयोग पावले मोजण्यात आहे. मारुतीच्या पारापर्यंत जाऊन येण्याइतकी पावले रोज होत असतील आणि एखाद्या आठवड्यात ती निम्म्यावर आली, तर रुग्ण तोंडाने 'बरंय' म्हणत असला तरी काहीतरी बदललेले असते.

पेसमेकर किंवा आयसीडी असलेल्यांनी मोबाइल सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवू नये. छातीतल्या यंत्रापासून तो किमान १५ सेंटिमीटर दूर असावा, कारण काही फोनमध्ये ताकदवान चुंबक असते.

मोबाइलवरची नोंद : एक ओळ पुरे

वेगवेगळी ॲप शोधत बसण्याची गरज नाही. त्यांतली बरीच इंग्रजीत आहेत आणि पैसे मागणारी ॲप तर मी कोणालाही सुचवणार नाही. व्हॉट्सॲपवर चार माणसांचा गट करावा. त्यात रुग्ण, घरातले जबाबदार माणूस, बाहेरगावी असलेला मुलगा किंवा मुलगी आणि शक्य असल्यास गावातल्या आशाताई असाव्यात. गटाचे नाव रुग्णाच्या नावाने ठेवावे आणि त्यात शुभसकाळचे फुलांचे फोटो टाकायला सक्त मनाई करावी. रोज सकाळी एकच ओळ टाकायची, उदाहरणार्थ :

'सोमवार. वजन ६२.४. बीपी ११२/७०, ११०/७२. नाडी ६८. सूज नाही. उशा २. गोळ्या घेतल्या.'

यातला 'उशा' हा शब्द अनेकांना विचित्र वाटेल, पण तो फार कामाचा आहे. फुफ्फुसांत पाणी साठू लागले की आडवे पडल्यावर धाप लागते आणि माणूस नकळत डोक्याखालची उशी वाढवतो. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपणारे आजोबा उशीऐवजी गोधडीची घडी घेतात, ती घडी एकावरून दोनवर गेली तरी तेच समजावे. रात्री धाप लागून उठून बसावे लागले, बसून झोपावे लागले, तर ती गोष्ट त्याच ओळीत लिहावी. सूज पाहताना नडगीच्या पुढच्या हाडावर अंगठ्याने काही सेकंद दाबून खळगा पडतो का ते पाहावे. शंका असेल तर रोज त्याच जागी, त्याच उजेडात पायाचा फोटो काढावा, म्हणजे कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवता येतो.

बीड, धारूर, पाटोदा भागात दसरा-दिवाळीनंतर मुलगा-सून ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारी माणसे व शाळेत जाणारी नातवंडे राहतात. अशा घरात नोंद ठेवण्याचे काम सातवी-आठवीतल्या नातवाकडे किंवा नातीकडे द्यावे. मुलांना ते आवडते आणि ती आकडे चुकवत नाहीत. वजन लिहिण्याऐवजी काट्याच्या पडद्याचा फोटो पाठवायला सांगितले तर चुकण्याची शक्यता आणखी कमी होते. फडावर असलेल्या मुलाला नेटवर्क मिळेल तेव्हा तो गट पाहील. परंतु पाहणारे खात्रीचे माणूस गावातच एक असावे आणि त्याने रोज नऊ वाजेपर्यंत 'पाहिले' एवढे तरी लिहावे. ओळ आली नाही तर फोन करायचा, हेही त्याचेच काम. ज्या घरी साधा फोन आहे तिथे हीच ओळ वहीत लिहून संध्याकाळी फोनवर वाचून दाखवावी. वही कमी प्रतीची आहे असे कोणी समजू नये.

ज्याला येत असेल त्याने आठवड्यातून एकदा हे आकडे गुगल शीटमध्ये भरून वजनाचा आलेख काढावा. एका दिवसाचा आकडा फसवतो. हुरड्याच्या पार्टीनंतरच्या सकाळी वजन पाऊण किलो वाढलेले असू शकते आणि दुसऱ्या दिवशी उतरते. सलग तीन दिवस चढती रेघ दिसली तर मात्र ती गंभीरपणे घ्यावी.

गोळ्यांची आठवण

मोबाइलच्या घड्याळातला गजर इंटरनेटशिवाय चालतो, म्हणून तोच वापरावा. प्रत्येक गजराला मराठीत नाव द्यावे, जसे 'सकाळ : लघवीची आणि हृदयाची गोळी'. काही फोनमध्ये गजर म्हणून स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून लावता येतो. नातीच्या आवाजातला 'आजोबा, गोळी' हा गजर कोणी बंद करून झोपत नाही. आठवड्याची खानेदार डबी रविवारी भरावी आणि भरलेल्या डबीचा फोटो गटात टाकावा.

लघवीची दुसरी गोळी असेल तर ती साधारण चार वाजण्याच्या आत घ्यावी, नाहीतर रात्रभर उठावे लागते. प्रवासाचा प्रश्न याहून मोठा आहे. एसटीने तालुक्याला किंवा लग्नाला जायचे म्हणून अनेक जण, विशेषतः बायका, त्या दिवशी ही गोळी सोडतात. असे न करता त्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना आधीच विचारावे. बहुधा पोहोचल्यानंतर घेता येते. जुलाब, उलट्या, ताप किंवा उपवासामुळे खाणे थांबले असेल तर मात्र लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी गोळी चालू असल्यास ती घेण्याआधी फोन करावा. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास धरणाऱ्या किंवा तुळजापूरला पायी जाणाऱ्या रुग्णांनी हा प्रश्न आठवडाभर आधीच विचारून ठेवलेला बरा.

आणखी एक सवय लावून घ्यावी. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही गोळी शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवते, मूत्रपिंडावर ताण आणते आणि हृदयाच्या औषधांचा परिणाम मारते. कोणतीही नवी गोळी, चूर्ण किंवा काढा तोंडात घालण्याआधी पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून डॉक्टरांना किंवा जाणत्या माणसाला दाखवावा.

मीठ, पाणी आणि ऊन

आपल्या जेवणात मीठ फक्त भाजीतून नव्हे, तोंडी लावण्यातूनही बरेच जाते. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, पापड, कुरडया आणि उन्हाळी वाळवणाचे इतर प्रकार. विकतच्या फरसाणाच्या पाकिटावर दर १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम आहे ते छापलेले असते. अक्षर बारीक असल्यास मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचावे. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते, म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसभराच्या मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी माणसालाही पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी, सांगितली आहे. 'लो सोडियम' म्हणून मिळणारे मीठ मात्र परस्पर सुरू करू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

पाण्याची मोजणी ॲपवर करता येते, पण ताक, अंबील, चहा, वरण हे सगळे त्यात धरायचे कोणाला सुचत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांनी दीड लिटर सांगितले असेल तर सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवावी आणि कपभर चहा किंवा पेलाभर ताक घेतले की तेवढेच पाणी बाटलीतून माठात परत ओतावे. बाटलीत उरेल तेवढेच पिणे शिल्लक.

एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-परभणीकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा हे गणित उलटे फिरू शकते. घामाने पाणी जाते, लघवीची गोळी चालूच असते, आणि वजन आधारवजनाच्या दीड-दोन किलो खाली येते, लघवी गडद होते, उभे राहिल्यावर भोवळ येते. वाढलेले वजन जसे कळवायचे, तसे उतरलेलेही त्याच दिवशी कळवावे. गोळी कमी करणे किंवा पाणी वाढवणे हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

दूरचा डॉक्टर आणि १०८

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले, त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा संदेशाद्वारे सल्ला देऊ शकतात. सरकारची ई-संजीवनी ही सेवा विनामूल्य आहे. ती मोबाइलवरून वापरता येते, आणि स्वतः जमत नसेल तर गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून जोडून घेता येते. हा दुसरा मार्ग मला अधिक चांगला वाटतो, कारण तिथे रक्तदाब मोजून पाय दाबून पाहणारे माणूस समोर असते. बोलण्याआधी मागच्या सात दिवसांच्या ओळी, चालू गोळ्यांची यादी, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम यांचे रिपोर्ट मोबाइलच्या एकाच अल्बममध्ये ठेवावेत. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) काढला असेल तर रिपोर्ट त्याला जोडता येतात आणि ते कोणाला दाखवायचे याची संमती आपल्या हातात राहते. मात्र त्यासाठी आलेला ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये.

बसल्या जागी दम लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, फेसाळ गुलाबी थुंकी येणे, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, ओठ निळे पडणे यांपैकी काहीही दिसले तर गट, ॲप, ई-संजीवनी सगळे बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. आखाड्यावर किंवा शेतवस्तीवर राहणाऱ्यांनी पत्ता आधीच लिहून ठेवावा. कोणत्या फाट्यावरून आत वळायचे, किती अंतर, वाटेत कोणती खूण, पावसात रस्ता कुठपर्यंत जातो, आणि रुग्णवाहिकेला घ्यायला फाट्यावर कोण उभे राहील. बहुतेक स्मार्टफोनच्या कुलूपबंद पडद्यावरही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरण्याची सोय असते. तिथे आजार, गोळ्या, ॲलर्जी आणि दोन जवळच्या माणसांचे क्रमांक भरावेत.

लसूण, अर्जुनसाल किंवा अमुक काढ्याने 'हृदय पुन्हा नवे' होते आणि गोळ्या बंद करता येतात, असे व्हिडिओ याच मोबाइलवर येतात. ते गटात आले तर 'पाहिले' लिहिणाऱ्या माणसाने काढून टाकावेत. त्यातले काही करून पाहावेसे वाटलेच, तर तो व्हिडिओ फेरतपासणीला डॉक्टरांना दाखवावा. त्या भेटीला जाताना वही किंवा आलेखाचा छापील कागद, रक्तदाबाचे घरचे यंत्र आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. दवाखान्यातल्या यंत्राशेजारी घरचे यंत्र लावून दोन्हींचे आकडे जुळवून पाहावेत आणि आधारवजन, मर्यादा व गोळ्या बदलल्या असतील तर नवा कागद लिहून घ्यावा. भिंतीवरचा जुना कागद त्याच दिवशी काढावा आणि मोबाइलमधला जुना फोटोही पुसून टाकावा.